समारंभाची जोडणी

दोन हजार अडतीसचा मे महिना. संध्याकाळ झाली तरी नागपूरच्या राज्य भार नियंत्रण केंद्राची बाहेरची भिंत हाताला भाजत होती. ऊन उतरत होतं, पण उकाडा उतरत नव्हता. हवेत वाफ इतकी साठली होती की अंगावरचा घाम वाळायचा नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर निवत नाही. अशा हवेत धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसल्या बसल्या मरतो. मागच्या उन्हाळ्यात पूर्व विदर्भातल्या गावांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

आत मोठ्या पडद्यासमोर छाया रहांगडाले बसली होती. पाळीची प्रमुख, पन्नाशीची बाई, गोंदियाकडची. शेजारच्या खुर्चीत भाऊराव वंजारी, निवृत्तीला टेकलेले. पडद्याच्या मधोमध एक आकडा होता आणि दोघांची नजर कुठेही गेली तरी फिरून तिथेच येत होती. पन्नास.

फोन वाजला. धाकटी बहीण मंजू होती, पिपरटोल्याची सरपंच.

"ताई, बाबूजीले आणलं एकदाचं गारवाघरात. येतच नव्हते. म्हणे माझी खाट इथं, मी तिथं कायले येऊ? मग खाटच उचलली चौघांनी. बाबूजी वरतेच बसून."

छाया हसली. "श्वास कसा आहे?"

"आता बरा आहे. दुपारी ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, थंडाव्यातून हलवू नका. दोनशे माणूस आहे आत. लेकरं, म्हातारे, दोन बाळंतिणी. लाईट जाऊ नको देजो माय, एवढंच."

"नाही जात," छाया म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला वाटलं, हे आपण कोणाच्या जोरावर बोललो?

वीज देशात कशी चालते ते एकदा समजून घेतलं तर पुढचं सगळं कळतं. देशातली सगळी मोठी जनित्रं एका ठेक्यात फिरतात, सेकंदाला पन्नास आवर्तनं. एकाच जुवाला हजार बैल जुंपावेत तसं. मागणी वाढली की चढ लागतो, सगळ्यांचीच चाल मंदावते, आणि पन्नासाचा आकडा घसरू लागतो. चाल फार मंदावली तर जनित्रं स्वतःला वाचवायला एकेक करून जू टाकून देतात आणि सारा देश अंधारात जातो. म्हणून आकडा घसरला की कुठली तरी मागणी तोडावी लागते. ती किती तोडायची हे दिल्लीचं राष्ट्रीय केंद्र सांगायचं. कुठली तोडायची हे राज्य ठरवायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मग 'समतोल' आलं. दिल्लीतल्या त्या यंत्राला प्रत्येक घराचा मीटर दिसायचा. प्रत्येक उपकरण वीज घेताना आपली वेगळी खूण सोडतं. कूलरची वेगळी, मिक्सरची वेगळी, ऑक्सिजन देणाऱ्या मशीनची वेगळी. त्या खुणा वाचून समतोल सांगायचं, या घरात आजारी माणूस आहे, याला हात लावू नका. या घरात नुसते पाच दिवे जळताहेत, हे तोडा. राज्याला तोडायचं झालं तर आख्खा विभाग तोडावा लागे. त्यात दवाखानाही जाई, दारूचं दुकानही जाई. समतोल एकेक घर वेचून काढायचं.

काम चांगलं होतं. भांडण लागलं ते हक्कावरून. घटनेत वीज हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या सामाईक यादीत आहे. दोघांनाही कायदा करता येतो, दोन कायदे भिडले तर बहुधा केंद्राचा टिकतो. केंद्रानं कायदा केला की समतोल थेट घरं तोडील. राज्यानं कायदा केला की आमच्या माणसाच्या संमतीवाचून एकही घर तुटणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लागेपर्यंत न्यायालयानं सांगितलं, यंत्रानं सुचवावं आणि राज्याच्या अधिकाऱ्यानं 'मान्य' म्हणावं. त्यानं म्हटल्याशिवाय कळ दाबली जाणार नाही.

"एक चूल, दोन जावा," भाऊराव म्हणायचे. "मीठ टाकलं तर दोघीही टाकतात, नाही तर कोणीच नाही. जेवणाऱ्यानं काय खावं?"

आकडा हलला.

आधी थोडासा, मग सरळ खाली. पश्चिमेकडच्या वाळवंटात वावटळ उठली होती आणि सूर्यवीज वाहून नेणारे मोठे मनोरे लोळवून गेली होती. आधीच दिवस मावळत होता, त्यात हे. पडद्याच्या कडा पिवळ्या झाल्या.

"एकोणपन्नास पूर्णांक सहा," भाऊराव म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

समतोलचा संदेश आला. महाराष्ट्रानं नऊशे मेगावॉट कमी करावेत. खाली नकाशा उमटला, तोडायच्या ठिकाणांवर तांबडे ठिपके. ठिपके नागपूरच्या पूर्वेला दाट होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली. जणू कोणी मूठभर कुंकू तिकडेच उधळलं होतं.

छायानं एका ठिपक्यावर बोट ठेवलं. पिपरटोला. प्रकार: समारंभ. वापर: वातानुकूलन. अनिवार्य: नाही.

तिनं शेजारचे ठिपके भराभर तपासले, तिथेही तेच.

"भाऊराव, ही सगळी गारवाघरं आहेत. यंत्राला वाटतंय लग्नं चाललीत."

ते कसं झालं हे दोघांनाही माहीत होतं. माणसं उष्म्यानं मरू लागल्यावर राज्यानं गावोगावच्या आणि शहरांतल्या वस्त्यांच्या सभागृहांत थंड खोल्या केल्या. आरोग्य हा राज्याचा विषय. पण निम्मे पैसे केंद्राचे होते, आणि केंद्राचं म्हणणं की दारावर आमच्या योजनेची पाटी लागली पाहिजे. राज्य म्हणालं, पाटी आमची. वाद मिटेना. शेवटी पाटी कोणाचीच लागली नाही. आरोग्यसेवा म्हणून जोडणी घ्यायची तर राष्ट्रीय नोंद करावी लागे, म्हणजे पुन्हा पाटीचा प्रश्न. तेव्हा कोणा हुशार माणसानं तोड काढली. लग्नाकार्यासाठी तात्पुरती जोडणी मिळते ना, तीच घ्या. दोन दिवसांत मिळते, दिल्लीला विचारावं लागत नाही. हजारो गारवाघरं अशी समारंभाच्या जोडणीवर उभी राहिली. खटला चालू आहे तोवर केंद्राला याबद्दल अक्षर कळवायचं नाही, असा वरून हुकूमही होता. कळवलं की केंद्र नोंद करणार, आणि नोंद झाली की हक्क सांगणार.

संदेशाखाली एक पट्टी हळूहळू आखूड होत होती. ती संपेपर्यंत 'मान्य' म्हणायचं किंवा तेवढ्याच विजेचा दुसरा पर्याय द्यायचा. नाहीच काही केलं आणि आकडा आणखी घसरला, तर उपकेंद्रांतली जुनी स्वयंचलित यंत्रं डोळे मिटून जिल्हेच्या जिल्हे तोडणार होती.

मुंबईहून ऊर्जा सचिव कारखानीसांचा फोन आला. ते ओरडत नव्हते. तेच जास्त भीतीदायक होतं.

"रहांगडाले, मान्य म्हणू नका. राज्य देशाच्या वीजजाळ्यातून बाहेर काढा."

"सर?"

"आपली चंद्रपूर, कोराडीची वीजकेंद्रं चालू आहेत. आपल्यापुरती वीज आहे. सीमेवरच्या वाहिन्या उघडा, जोड तोडा आणि वेगळे व्हा. आपलं एकही घर जाणार नाही. न्यायालयालाही दिसेल की राज्य स्वतःचं बघू शकतं."

"मग मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं काय? दक्षिणेची वीज आपल्यातून जाते त्यांना."

"त्यांचं दिल्ली बघेल. दिल्लीलाच हौस आहे ना सगळ्यांचं बघायची."

"सर, लेखी—"

"लेखी येतंय. तयारी करा."

वेगळं व्हायचं तर बाबूजींची खोली थंड राहील, यात शंका नव्हती. हुकूम वरचा होता. तिला काही सोसायचं नव्हतं. फक्त एक कळ.

दुसरा फोन वाजतच होता. मध्य प्रदेशच्या जबलपूरमधल्या भार केंद्रातले पटले होते. बालाघाटचे, तिच्याच समाजातले. नदीच्या अल्याड पल्याड एकच नातीगोती, मधून राज्याची हद्द गेलेली.

"छायाताई, राम राम. एकच विचारतो. तुमच्याकडून वाहिन्या उघडणार असं ऐकलं. खरं का?"

तिची नजर आखूड होणाऱ्या पट्टीवर गेली.

"ताई, तुम्ही सुटलात की आमचं अर्धं राज्य बसेल. आमच्याकडेही खोल्या भरल्यात माणसांनी. बालाघाटच्या दवाखान्यात जनरेटरला डिझेल तासाभराचंच आहे." मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मलाच माहीत नाही. म्हणून भांडत नाही. विचारतो."

"थांबा भाऊ," ती म्हणाली. "फोन चालू ठेवा."

पट्टी अर्धी झाली होती. आकडा साडेएकोणपन्नास.

"काय करता मॅडम?" भाऊरावांनी विचारलं. "मान्य म्हटलं तर बाबूजी. वेगळं झालो तर पटलेचे बाबूजी."

"तिसरं आहे एक," ती म्हणाली आणि दिल्लीचा फोन उचलला.

राष्ट्रीय केंद्रात त्या वेळी बरुआ नावाचे अधिकारी होते. हिंदीत बोलले, घाईत.

"महाराष्ट्र, मान्य का नाही म्हणत? वेळ जातोय."

"यंत्र चुकतंय साहेब. समारंभाची म्हणून जी जागा दाखवतंय तिथं लग्न नाही. तिथं माणसं जगवायला बसवलीत. आजारी, म्हातारी, लेकरं."

"सगळीकडे? हजारो ठिकाणी?"

"हजारो ठिकाणी."

"मग आम्हाला कळवलं का नाही?"

"ते तुम्हीही विचारू नका, मीही सांगत नाही. आत माणसं आहेत."

बरुआ सावकाश म्हणाले, "बाई, ऐका. मी हे समतोलमध्ये घालू शकतो. समारंभाची जोडणी म्हणजे आरोग्यसेवा, असं. पण तोंडी नाही घालता येत. राज्याच्या नावानं, कोडसह सांगावं लागेल. आणि मग समतोल नऊशे मेगावॉट दुसरीकडून काढील. नागपूर शहरातली घरं. त्यालाही तुम्हाला मान्य म्हणावं लागेल. समजतंय ना मी काय म्हणतोय?"

तिला समजत होतं. वीज खात्यात एक जुनी रीत आहे. फोनवर सांगितलेला हुकूम ऐकणाऱ्यानं पुन्हा बोलून दाखवायचा, दोघांनी एकमेकांना आपापला कोड द्यायचा, तेव्हाच तो खरा. दिलेला कोड परत घेता येत नाही. आज तिनं कोड दिला की राज्यानं गारवाघरं केंद्राच्या नोंदीत घातली असं होणार होतं. केंद्राच्या यंत्रानं घरं तोडावीत हेही मान्य केलं असं होणार होतं. तीन वर्षं लढलेला खटला तिच्या एका वाक्यानं खिळखिळा होणार होता. नोकरीचं तर सांगायलाच नको.

समतोलचा नवा नकाशा आला. आता ठिपके तिच्या पायाखालच्या शहरात होते. दोन लाखांवर घरं. आजारी माणसांची घरं हिरवी ठेवलेली. तिचं स्वतःचं घर तांबडं.

"ही घरं सुरक्षित आहेत याची खात्री?" तिनं विचारलं.

"मीटर सांगतो तेवढी," बरुआ म्हणाले.

भाऊरावांनी पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, "सचिवांचा लेखी हुकूम आला मॅडम. वाहिन्या उघडा."

"मी अजून वाचला नाही," छाया म्हणाली. मग फोनमध्ये, एकेक शब्द सुटा करत, बोलली, "महाराष्ट्र राज्य. समारंभाच्या सर्व तात्पुरत्या जोडण्या आरोग्यसेवा समजाव्यात. नागपूर शहरातली घरं, नऊशे मेगावॉट, मान्य. नाव छाया रहांगडाले." आणि कोड दिला.

बरुआंनी शब्द न शब्द परत म्हटला आणि आपला कोड दिला.

नकाशावरचे ठिपके एकदम विझले. खिडकीबाहेर शहरही विझलं, पण सगळं नाही. अंधारात इथे तिथे एखादी खिडकी उजळ राहिली. तिथे कोणी तरी मशीनवर श्वास घेत होतं.

आकडा एकोणपन्नास पूर्णांक चारवर थरथरत उभा राहिला. मग तो वर सरकला.

पटलेंच्या फोनवरून मागचा गलका ऐकू येत होता. "ताई, आमचेही दिवे आहेत," ते म्हणाले.

मंजूचा फोन आला तो हसतच. "ताई, बाबूजी विचारतात, नागपूरले अंधार झाला म्हणते टीव्हीवर, तं छाया जेवली का नाही?"

सकाळी तिला निलंबनाचं पत्र मिळालं. तिला वाईट वाटलं नाही. आपण कोणाला मारलं नाही, एवढं तिच्या मनात घट्ट होतं. ते दुपारपर्यंत टिकलं.

दुपारी भाऊराव घरी आले. दारातच उभे राहिले, चप्पलही काढली नाही.

"तांडापेठेत एक म्हातारा गेला. मंसाराम हेडाऊ. विणकर होता. टिनाच्या खोलीत एक पंखा, एक दिवा. लाईट गेली, पंखा थांबला, दोन तासांत आटोपला."

"हिरवं नव्हतं घर?"

"त्याच्याकडे कूलर नव्हता, मशीन नव्हती. बिल येईल म्हणून काही लावायचाच नाही. मीटरला काय दिसणार? यंत्राला वाटलं, या घरात काहीच दुखत नाही."

"पण गल्लीत गारवाघर असेल ना?"

"समोरच. चार पावलांवर." भाऊरावांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "दाराला पाटी नाही. आतून माणसांचा आवाज, दिवे. म्हातारा शेजारणीला म्हणाला, कोणाचं तरी कार्य आहे. बिनबोलावता कसं जावं?"

छाया उंबऱ्यावरच बसली.

संध्याकाळपर्यंत दोन पत्रकं निघाली. केंद्राचं म्हणणं, घरं तोडायला राज्यानं मान्यता दिली, जबाबदारी राज्याची. राज्याचं म्हणणं, घरं यंत्रानं निवडली, यंत्र केंद्राचं. दोन्ही पत्रकं वाचली तर वाटावं मंसाराम हेडाऊ आपले आपणच मेले.

कारखानीसांचा फोन आला. या वेळी आवाजात ओलावा होता.

"रहांगडाले, तुम्ही दबावाखाली होता. मला कळतं. उद्या चौकशीत एवढंच सांगा की निवड यंत्राची होती आणि दिल्लीनं तुम्हाला भाग पाडलं. निलंबन मागे घेतो. खटलाही सावरेल. त्यात खोटं काय आहे? निवड यंत्राचीच होती."

"निवड यंत्राची होती, हे खोटं नाही सर," ती म्हणाली.

"मग?"

"विचार करते."

दुसऱ्या दिवशी चौकशीला जायच्या आधी तिनं रिक्षा तांडापेठेकडे वळवली. गल्ली अरुंद होती. हेडाऊंच्या दारापुढे शेजारच्या बाया बसल्या होत्या. समोरच्या सभागृहाच्या दारावर सकाळीच दोन पाट्या लागल्या होत्या, एक केंद्राची, एक राज्याची, आणि दुसरी लावणाऱ्यानं पहिलीचा कोपरा झाकला होता.

म्हाताऱ्याची मुलगी वच्छला माहेरी आली होती. चाळिशीची, हातात बांगड्यांऐवजी रबरी हातमोज्यांचे वळ. कुठल्याशा दवाखान्यात साफसफाई करत असावी. छायाला बघून उठली नाही.

"तुमी कोणाकडल्या?" तिनं विचारलं. "काल दोघे येऊन गेले. एक म्हणे, तुमच्या बाले मुंबईनं मारलं. दुसरा म्हणे, दिल्लीनं. दोघांनीही कागदावर अंगठा मागतला. तुमाले कायचा पाहिजे?"

"मला काही नको. मी वीज केंद्रात असते. असायची."

"मग सांगा ना. कोणी बंद केली लाईट?"

छायाकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ते दोनशे लोक, पटले, बालाघाटचा दवाखाना, आकडा, यंत्राची निवड, पाटीचं भांडण. सगळं खरं होतं. ते सगळं सांगत गेलं तर या बाईच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठे तरी हरवून जाईल, हेही तितकंच खरं होतं.

"मी," ती म्हणाली. "विचारलं होतं मला. मी मान्य म्हटलं."

वच्छला तिच्याकडे बघत राहिली, जणू ऐकलेलं कुठे ठेवावं ते तिला कळत नव्हतं.

"माझ्या बाचं नाव होतं तुमच्यापुढं?"

"नव्हतं. मीटर होता. तोही मी वाचला नाही. दोन लाख होते."

"नाव असतं तं म्हटलं असतं का मान्य?"

बाई वाट बघत होती, तिला सुटका द्यायची नव्हती आणि घाईही नव्हती.

"माहीत नाही," छाया म्हणाली. "माझे वडील दुसऱ्या बाजूला होते. पिपरटोल्याला."

"जित्ते आहेत?"

"आहेत."

वच्छला उठली. छायाला वाटलं आता ती मारील, आणि मारलं तर आपण हात वर करायचा नाही असं तिनं ठरवलं. पण वच्छला तिच्या बाजूनं पुढे गेली, गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही बाजूंच्या दारांकडे बघून तिनं हाक दिली. माणसं बाहेर आली. मागाजवळून उठलेली, जेवणावरून उठलेली. समोरच्या सभागृहातूनही काही म्हातारे दारात येऊन उभे राहिले.

"आता सांगा," वच्छला म्हणाली. "कालपासून हे सगळे मले विचारतात, कोणी केलं, कोणी केलं. माझ्याजवळ नावच नव्हतं. तुमचं नाव सांगून सांगा. मोठ्यानं."

छायानं डोक्यावरचा पदर सरळ केला आणि आपलं नाव सांगितलं.